पुतण्या म्हणून राहायला जाऊ नका

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही नवरा-बायको मूळचे सांगलीचे. मी फोर्टमधल्या एका बँकेत आहे, बायको बीकेसीत. सध्या कल्याणला राहतो आणि रोजचा निम्मा जीव लोकलमध्येच जातो. मेट्रो ३ पूर्ण सुरू झाल्यापासून डोक्यात गिरगाव बसलंय. मला हुतात्मा चौक, तिला बीकेसी, दोघांना एकच गाडी.

ठाकूरद्वारच्या बाजूला एक घर पाहिलं. जुनी तीन मजली इमारत, दुसरा मजला, लाकडी जिना, पुढे गॅलरी, खिडकीला वर रंगीत काचा. दोघंही बघताक्षणी प्रेमात पडलो. दलाल म्हणतो, ‘वन बीएचके, चारशे फूट.’ भाडं अडतीस हजार, डिपॉझिट तीन लाख. घर देणारे गृहस्थ बोरिवलीला राहतात, घर त्यांच्या आजोबांपासूनचं आहे. अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं, नोटरीवर. भाडं शक्यतो रोख द्या म्हणाले. इमारतीत कोणी विचारलं किंवा मालकाचा माणूस आला, तर ‘आम्ही यांचे पुतण्या आणि सूनबाई’ एवढं सांगायचं. दलाल म्हणतो, आणखी दोन पार्ट्या तयार आहेत, रविवारपर्यंत पन्नास हजार टोकन द्या.

बाबांचं म्हणणं, एवढ्या पैशात ठाण्यात टू बीएचके येतो. बायकोला इमारत पडेल का अशी धास्ती आहे, आणि गॅलरीत सतत लोक असतात त्याचं काय, हाही प्रश्न आहे. आम्हाला गणपतीच्या सुमारास हलायचंय. काय करावं?

— एक वाचक, कल्याण

उत्तर:

रविवारी टोकन देऊ नका. हे आधी सांगून टाकते, कारण बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

रंगीत काचांवर तुम्ही दोन ओळी लिहिल्यात, आणि पुतण्याचं वाक्य जाता जाता. मी मात्र त्याच वाक्यावर अडले. स्वतःचं घर भाड्यानं देणारा माणूस भाडेकरूला पुतण्या व्हायला सांगत नाही. बोरिवलीचे गृहस्थ खोटारडे आहेत असं नाही म्हणत मी. ‘आजोबांपासूनचं घर’ हे ते खरंच सांगत असतील. पण गिरगावात आजोबांपासूनचं घर म्हणजे बहुतेक वेळा आजोबांपासूनचं भाड्याचं घर. हे गृहस्थ स्वतः भाडेकरू आहेत, पागडीचे. इमारतीचा मालक कोणी वेगळाच आहे, आणि तुम्ही तिथे राहायला येताय हे त्याला कळू द्यायचं नाहीये.

तुम्ही सांगलीचे, म्हणून पागडीचं थोडं सांगते. मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्यानं जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. भाडं वाढवता येईना, भाडेकरू काढता येईना. मग नवा भाडेकरू घेताना मालक एकरकमी मोठी रक्कम घेऊ लागले. तीच पागडी. पुढे भाडं नावापुरतं, पावती मात्र दर महिन्याला. बरीच वर्षं हा व्यवहार टेबलाखालून चालायचा. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि पागडी घेणं-देणं उघडपणे कायदेशीर झालं. जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करायची मुभाही मिळाली, पण मुळात भाडंच दोन-तीनशे रुपये असेल तर चार टक्क्यांनी मालकाचं पोट भरत नाही. म्हणून तो दुरुस्तीला हात लावत नाही, आणि भाडेकरू हक्क सोडत नाही. गिरगावातल्या निम्म्याअधिक भांडणांचं मूळ इथे आहे.

आता तुमच्याशी याचा संबंध. पागडीच्या भाडेकरूला घरात राहायचा हक्क पक्का असतो, पण मालकाच्या संमतीशिवाय ते घर तिसऱ्याला द्यायचा हक्क नसतो. पोटभाड्यानंही नाही आणि लीव्ह अँड लायसन्सवरही नाही, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती नुसती राहायची परवानगी देऊनही नाही. याच कायद्याचं कलम २६ तेच सांगतं. तसं दिलं, तर मालकाला घराचा ताबा मागायला कारण मिळतं, ते कलम १६ मध्ये आहे. मालकानं दावा लावला की धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात खेटे बोरिवलीकर घालतील. पण निकाल त्यांच्याविरुद्ध गेला तर घरातून सामान तुमचं निघेल. तीन लाख कोणाकडे मागाल? त्यांच्याकडेच, आणि ते तेव्हा वकिलाची फी भरत असतील.

आणि पुतण्याचं सोंग टिकणार किती दिवस? मी लग्नानंतर बरीच वर्षं फणसवाडीत काढली आहेत. जुन्या इमारतीतल्या शेजाऱ्यांना एकमेकांच्या तीन पिढ्या पाठ असतात. बोरिवलीकरांना पुतणे किती, त्यातला कोण अमेरिकेला आहे आणि कोणाचं लग्न व्हायचंय, हे शेजारच्या काकूंना त्यांच्यापेक्षा जास्त माहीत असणार. तुमच्या बायकोला पहिल्याच आठवड्यात विचारतील, ‘म्हणजे तू सुधाची सून का गं?’ ती काय उत्तर देणार? रोज जिन्यावर भेटणाऱ्या माणसांशी खोटं बोलत राहायचं, तेही अडतीस हजार मोजून, हे मला काही पटत नाही.

आता दलालाला एक मेसेज पाठवा, अगदी साध्या शब्दांत: ‘घर आवडलं आहे. चालू महिन्याची भाडेपावती, मालकाचं संमतिपत्र आणि बेस्टचं लाइट बिल, या तिन्हींचे फोटो पाठवा. कागद पाहून टोकन देतो, आणि अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायचं.’ बस. वाद घालू नका, कायद्याची कलमं ऐकवू नका. दोन पार्ट्या तयार आहेत म्हणतो ना, तर त्यांना घेऊ दे. दलालाच्या खिशात अशा दोन पार्ट्या कायमच असतात.

पावती आली तर नाव नीट वाचा. कित्येक घरांत पावती अजून वारलेल्या आजोबांच्याच नावावर फाटते. त्याचा अर्थ, भाडेकरूचा हक्क कोणाकडे गेला हे घरातच ठरलेलं नाही. बोरिवलीकरांना एखादा भाऊ असेल, एखादी आत्या असेल. तुम्ही राहायला गेल्यावर तिसऱ्या महिन्यात ती आत्या दारात उभी राहून ‘हे घर माझ्या वडिलांचं’ म्हणाली, तर तुम्ही तिला काय सांगणार? तेव्हा पावती ज्याच्या नावावर, त्याचीच सही हवी. आजोबांच्या नावावर असेल तर सगळ्या वारसांची.

कागद येणारच नाहीत असं समजू नका. काही मालक संमती देतात. मधल्या मध्ये त्यांचा काही हिशेब ठरतो, तो आपण विचारू नये. मालकाचं लेखी संमतिपत्र मिळालं, ते अ‍ॅग्रीमेंटला जोडलं आणि अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं, तर पागडीच्या घरातही तुम्ही ताठ मानेनं राहू शकता. नुसतं ‘मालकाला माहीत आहे हो, त्यांची काही हरकत नसते’ हे मात्र संमतिपत्र नव्हे.

नोटरीचं आता. अकरा महिन्यांचं केलं की रजिस्टर करावं लागत नाही, हा समज इतर राज्यांतून आलाय आणि आपल्याकडचे दलाल तो आनंदानं पसरवतात. महाराष्ट्रात तसं नाही. वरच्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि रजिस्टर हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा. ही जबाबदारी घर देणाऱ्याची. त्यानं टाळलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रजिस्टर करार नसेल आणि भांडण झालं, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत, असंही त्यात आहे. हे वाचून हुरळून जाऊ नका. बोरिवलीकरांशी भांडताना त्याचा उपयोग होईल. इमारतीच्या मालकापुढे होणार नाही, कारण त्यानं तुमच्याशी कुठलाच करार केलेला नाही.

रजिस्टर करायला खर्च फार येतो, हीसुद्धा थाप आहे. समजा उद्या तुम्हाला रीतसर घर मिळालं: भाडं सेहेचाळीस हजार, डिपॉझिट दोन लाख, मुदत दोन वर्षं. दोन वर्षांचं भाडं ११,०४,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून ४०,०००. एकूण ११,४४,०००, आणि त्याच्या पाव टक्का म्हणजे २,८६० रुपये स्टॅम्प ड्युटी. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. वर कागदपत्र हाताळणीचे थोडे, आणि लॅपटॉप व अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणाऱ्या माणसाचे थोडे. पन्नास हजार टोकन मागणाऱ्यांनी या चार-पाच हजारांचं रडगाणं गाऊ नये. मुदत साठ महिन्यांपर्यंत घालता येते. दोन-तीन वर्षांची घाला आणि दर वर्षीची वाढ किती टक्के ते आत्ताच लिहून घ्या, नाहीतर अकरा महिन्यांनी दलाल पुन्हा दलाली मागायला येतो.

रोख भाड्याला सरळ नाही म्हणा. तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल आणि एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्याची, सूट घेत असाल, तर वर्षाचं भाडं लाखावर गेलं की घर देणाऱ्याचा पॅन लागतो. पुतण्या करून ठेवणारे काका पॅन देत नाहीत.

आता बायकोच्या धास्तीकडे येते, ती अगदी रास्त आहे. १९६९ च्या सुमारास दक्षिण आणि मध्य मुंबईत अशा १९,६४२ इमारती मोजल्या होत्या, ज्यांच्याकडून दुरुस्तीसाठी उपकर घ्यायचा ठरला. त्यात १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात. तुम्ही पाहिलेली इमारत वर्णनावरून त्याच वर्गातली वाटते. त्यांची दुरुस्ती म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे आहे. हे मंडळ दर वर्षी पावसाळ्याआधी पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. इमारतीचा पत्ता घेऊन ती यादी आधी पाहा. महापालिकेनं कलम ३५४ ची, म्हणजे इमारत धोकादायक असल्याची, नोटीस दिली आहे का, तेही विचारा. दिली असेल तर बहुधा प्रवेशदारावरच चिकटवलेली सापडेल, किंवा फाडल्याच्या खुणा तरी.

पण यादीत नाव नाही म्हणजे इमारत ठणठणीत, असं नाही. स्वतः बघायला पुन्हा जा, आणि पाऊस पडत असताना जा. गॅलरीत उभं राहून खालच्या रस्त्याकडे सगळेच बघतात, तुम्ही वर बघा. वरच्या मजल्याच्या सज्जाची खालची बाजू फुगली आहे का, लोखंड उघडं पडून गंजलंय का, कुठे टेकू लावलेत का. टेकू दिसला म्हणून लगेच पळू नका, दुरुस्ती चालू असतानाही लावतात. पण कधीपासून आहे ते विचारा. ‘नेहमीचाच आहे’ असं उत्तर आलं तर मात्र दुसरं घर बघा. जुन्या बांधकामात जीव सागवानी तुळयांचा असतो, आणि तुळई कुजते ती मधे नाही, भिंतीत शिरते तिथे, कारण बाहेरचं पाणी तिथूनच झिरपतं. खिशातल्या किल्लीचं टोक तिथे हळूच दाबून बघा. चांगला साग किल्लीला दाद देत नाही. टोक आत रुतलं, भुसा पडला, की समजायचं वाळवीनं किंवा ओलीनं काम केलंय. ताजा रंग फक्त एकाच भिंतीला असेल तर त्याच भिंतीला हात लावून बघा.

मागची बाजू कोणी दाखवत नाही; आपण मागायची. दोन इमारतींच्या मधे हाउस गल्ली असते, जिथून सांडपाण्याचे पाइप जातात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली डोकावलंत तर इमारतीची खरी तब्येत कळते: गळके पाइप, भिंतीत उगवलेला पिंपळ, घुशींची बिळं. पिंपळ लहान असेल तर काढता येतो, पण खोड मनगटाएवढं झालं असेल तर मुळं भिंतीत कुठवर गेलीत देव जाणे.

त्या चारशे फुटांवर मात्र माझा मुळीच विश्वास नाही. टेप घेऊन जा. बाहेरची खोली दहा बाय बारा, आतली दहा बाय दहा, बंद केलेली गॅलरी चार बाय दहा. झाले दोनशे साठ. मोरी आणि संडास धरून कसेबसे तीनशे. उरलेले शंभर फूट बहुधा पोटमाळ्यावर असतील. दलालांच्या भाषेत पोटमाळा हाही बेडरूम असतो. वर चढून बघा, ताठ उभं राहता येतं का. शिडी भिंतीला पक्की आहे का, मे महिन्यात दुपारी तिथे झोपवेल का. संडास आत आहे की गॅलरीच्या टोकाला, हे पत्रात नाही. घराच्या प्रेमात पडलेली माणसं हेच विचारायला विसरतात. आत असेल तर तो मूळचा आहे की मागून मोरी फोडून केलेला, हे विचारा. मागून केलेला असेल तर खालच्या घरात गळती ठरलेली, आणि खालच्यांशी भांडणही ठरलेलं.

पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, हे दलालाला विचारू नका, शेजारणीला विचारा. इमारतीला टाकी आणि पंप असेल तर प्रश्न नाही. नसेल तर पहाटे उठून पिंप भरायचं काम कोणा एकाच्या गळ्यात पडेल. ते कोण करणार हे नवरा-बायकोनं घर घेण्याआधी ठरवावं, नंतर नाही. एसी लावायचा असेल तर मीटरला किती भार मंजूर आहे ते बेस्टच्या बिलावर बघा. जुनी वायरिंग, लाकडी छत आणि दीड टनाचा एसी हे एकत्र नांदत नाहीत. तुमचा फ्रीज जिन्याच्या वळणावरून जातो का तेही मोजा. गेला नाही तर दोर लावून गॅलरीतून वर ओढतात. त्याची माणसं मिळतात गिरगावात, पण पैसे मोजून घेतात.

इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याशी पाच मिनिटं बोला. मालक कोण, त्याचा माणूस कधी येतो, केस चालू आहे का, बिल्डर बघून गेला का, हे सगळं त्याला ठाऊक असतं. बिल्डर येऊन गेला असेल तर नीट ऐका. पुनर्विकासात हक्क मूळ भाडेकरूचा. नवं घर त्याला, बांधकाम होईपर्यंतचं भाडं त्याला. तुम्ही लायसन्सवर राहणारे. इमारत रिकामी करायची वेळ आली की तुम्हाला फक्त निघायचं असतं. त्यात गैर काही नाही, पण करारात एक कलम हवं: कुठल्याही सरकारी नोटिशीमुळे किंवा पुनर्विकासामुळे घर सोडावं लागलं तर लॉक-इन, म्हणजे अमुक महिन्यांआधी घर न सोडायची अट, लागू नाही, आणि ताबा देतानाच डिपॉझिट परत. हे कलम घालायला नकार देणाऱ्याचा पुढचा बेत काय असेल, ते तुम्हीच ओळखा.

मग गिरगाव सोडून द्यायचं का? अजिबात नाही. तुमचा मूळ विचार चांगला आहे. काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक: तिसऱ्या स्टेशनावर तुमचं ऑफिस. तिला उलट्या दिशेनं बीकेसीपर्यंत गाडी बदलायची गरज नाही. फक्त घराचा प्रकार बदला. गिरगावातल्या कित्येक वाड्या पाडून उंच इमारती झाल्यात. तिथे जुन्या भाडेकरूंना मालकीची घरं मिळाली, आणि त्यातले बरेच जण उपनगरात मुलांकडे राहून गिरगावचं घर भाड्यानं देतात. तिथे सोसायटी असते, लिफ्ट असते, देणाऱ्याच्या नावावर घर असतं, करार सरळ होतो. रंगीत काचा नसतात, हे खरं. मला स्वतःला त्या इमारतींचं रूप आवडत नाही, पण राहायला तुम्ही जाणार आहात. अशा घरात मेंटेनन्स कोण भरणार ते करारात लिहून घ्या. घर भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटी जे ना-वापर शुल्क लावते ते मालकाचं देणं, आणि तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त नाही. तुमची माहिती पोलिसांकडे द्यायचं कामही मालकाचंच. ऑनलाइन होतं, त्याची प्रत मागून घ्या.

जुनंच हवं असेल तर गिरगावात जुन्या सहकारी सोसायट्याही आहेत, दोन-तीन मजल्यांच्या, गॅलऱ्या असलेल्या. जाहिरातींत त्या फारशा दिसत नाहीत. शनिवारी सकाळी खाडिलकर रोडनं चालत जा, मुगभाट, कांदेवाडी, झावबावाडी पायी फिरा, वाण्याला विचारा, डेअरीत विचारा. गिरगावात चांगली घरं अजून तोंडातोंडीच जातात. खोताच्या वाडीतली लाकडी घरं बघून मोह होईल, पण ती मोजकीच उरलीत आणि बहुतेकांत घरची माणसंच राहतात. बघून पुढे चला. ट्रस्टच्या इमारतीतली खोली कोणी दाखवली तर पुन्हा तोच प्रश्न: ट्रस्टची परवानगी कागदावर आहे का?

खाण्यापिण्याचं आधीच बोलून घ्या. काही इमारतींत शाकाहाराची अट असते आणि ती करारात नसते, नजरेत असते. तुम्ही सांगलीकर, रविवारी कुकरच्या शिट्ट्यांबरोबर तांबड्या रश्श्याचा वास जिनाभर जाणारच. पहिल्याच दिवशी विचारलेलं बरं.

गॅलरीत लोक असतात, ते असणारच. गॅलरी सगळ्यांची असते. दार दिवसभर उघडं ठेवायची तिथे रीत आहे. तुम्ही बंद ठेवलंत तर कोणी रागावणार नाही, फक्त संध्याकाळी ‘बरं आहे ना?’ म्हणून कोणीतरी कडी वाजवेल. कुरिअर शेजारी घेतील, तुमच्याकडे कोण आलं नि किती वाजता गेलं हेही लक्षात ठेवतील. काहींना याचा जाच होतो, काहींना आधार वाटतो. बायकोला कोणतं वाटेल ते तिचं तिनं ठरवू दे, आणि तिनं नको म्हटलं तर गॅलरीचं घर घेऊ नका. तुमचं प्रेम खिडकीवर आहे, पण पिंपापासून जिन्यापर्यंत दोघांनाच निभवायचंय.

बाबांशी वाद घालू नका. ठाण्यात जास्त जागा मिळते हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. त्यांना एक दिवस कल्याणहून सकाळची ८ ची फास्ट पकडून फोर्टला घेऊन या, दुसऱ्या दिवशी गिरगाव स्टेशनवरून. पुढे बोलायची गरज पडणार नाही.

राहता राहिलं गणपतीत हलण्याचं. गणपतीच्या आधी पंधरा दिवस तरी हला, नाहीतर सरळ नंतर. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. अशा भागात त्या दहा दिवसांत टेम्पो गल्लीत उभा करणं म्हणजे मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या शिव्या खाणं. अनंत चतुर्दशीला तर शहरातल्या मोठ्या मिरवणुका चौपाटीकडे येतात, आजूबाजूचे रस्ते बंद असतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विसर्जन चालूच असतं. त्यात तुमचं कपाट अडकलं तर ते रात्रभर प्रार्थना समाजच्या नाक्यावर बसेल. टेम्पोवाल्याला सकाळी ७ ची वेळ द्या, आणि जिना लाकडी असेल तर जड सामानाला दोन माणसं जादा सांगा.